पाटीवरून पुसलेलं

आंबेखिंडीच्या कॉलेजात दर तासाच्या शेवटी एक खोटं बोललं जायचं. सगळ्यांनी मिळून, आरतीच्या सुरात. मॅडम विचारायच्या, "कळलं का?" आणि वर्ग म्हणायचा, "होऽ मॅडम!"

हे खोटं कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. पहिलीच्या बाकावरून ते पोरांबरोबर चालत आलं होतं. दप्तरं बदलली, गणवेश सुटले, हातात फोन आले, तरी ते आपलं तसंच. हेमांगी शिंत्रे एकोणीस वर्षं तिथं वनस्पतिशास्त्र शिकवत होती आणि एकोणीस वर्षं त्या होकारावर तिचा विश्वास बसत नव्हता. कारण परीक्षेच्या पेपरात तोच होकार कोरी पानं होऊन परत यायचा.

नऊ वर्षांपूर्वी कॉलेजात 'पाटी' आली, तेव्हा तिला वाटलं, आता हे संपेल. पाटी म्हणजे फोनवर उघडणारं एक साधं पान. भिंतीवरच्या पडद्यावर प्रश्न यायचा, पोरं बाकावरून उत्तर लिहायची, उत्तरं पडद्यावर उमटायची, नावाशिवाय. नाव नाही तर लाज कशाची? म्हणून हेमांगीनं एक पद्धत पाडली. तासाची शेवटची पाच मिनिटं एकाच प्रश्नाची: आज काय कळलं नाही?

पहिल्या दिवशी कुणीतरी लिहिलं, "सगळं कळलं." मग दुसऱ्यानं. मग तिसऱ्यानं. बघता बघता पडदा भरून गेला, वाफ्यात एकाच जातीच्या भाताची रोपं उगवावीत तसा. तेच खोटं, आता फक्त अक्षरांत.

पद्धत मात्र तिनं सोडली नाही. देवळात नवस फळला नाही म्हणून कुणी दिवा लावायचं थांबतं का?

यंदाच्या सप्टेंबरात ती दुसऱ्या वर्षाला बीजाची सुप्तावस्था शिकवत होती. ओल आहे, ऊब आहे, हवा आहे, तरीही एखादं बी रुजत नाही. आत जीव असतो, पण तो आपली वेळ धरून बसतो. तास संपला, पडद्यावर त्रेचाळीस वेळा "सगळं कळलं" उमटलं, पोरं निघून गेली. तेवढ्यात दारात संगणक विभागाचे ठोंबरे सर उभे राहिले. ढेरीवर लॅपटॉप टेकवून उभ्यानं काम करणारा तालुक्यातला तो एकमेव माणूस.

"मॅडम, पाटीत नवीन सोय आलीय. 'तळ' म्हणतात. तुमच्या वर्गाला चालू करून दिलाय. उजव्या कोपऱ्यात बोट ठेवा. घाबरू नका, फक्त तुम्हालाच दिसंल."

तिनं बोट ठेवलं. एकेका "सगळं कळलं"खाली फिकट राखाडी अक्षरं वर आली, गढूळ पाणी निवळल्यावर तळातले खडे दिसावेत तशी.

"झोपलेलं बी श्वास घेतं का" (पुसलं).

"त्या हार्मोनचं नाव परत सांगा ना मॅडम" (पुसलं).

"बी ला कसं कळतं की आता उठायचं" (चारदा लिहिलं, चारदा पुसलं).

"हे विचारलं तर मागचे हसतील" (पुसलं).

हेमांगी खाली बसली. एकोणीस वर्षं ती बंद दारांवर थाप मारत होती, कुणी आहे का घरात? आणि आत सगळे होते. कडीवर हात ठेवून उभे होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात शिरल्या शिरल्या ती म्हणाली, "झोपलेलं बी श्वास घेतं. इतका मंद, की ऐकायला आपल्याला आपला श्वास थांबवावा लागेल." मागच्या बाकावर एक मान झटकन वर झाली. मग दुसरी. तिला वाटलं, ताटातला घास कुणीतरी अखेर तोंडात घातला.

पुढचे दहा दिवस तिला असं शिकवायला आलं, जसं आयुष्यात आलं नव्हतं.

*

"पण हे होतं कसं?" तिनं एका दुपारी ठोंबरे सरांना विचारलं. दोघं कॅन्टीनच्या कट्ट्यावर चहा घेत होते. "पुसलेलं जातं कुठं?"

"कुठंच जात न्हाई, आणि ऱ्हातबी न्हाई. त्यातच तर गंमत हाय." सरांनी चहात बिस्कीट बुडवलं. "अक्षरं पाटी कधीच साठवत नव्हती. साठवायची ती फक्त चाल. बोट कधी टेकलं, किती वेळ थांबलं, किती वेळा मागं फिरलं. पान अडकू नये म्हणून ठेवलेली नोंद. कुणाला त्याचं काही पडलं नव्हतं."

"मग?"

"मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की चालच पुरेशी आहे. 'क'वरनं 'ळ'वर जायला तुमच्या अंगठ्याला लागणारा वेळ वेगळा, माझ्याला वेगळा. एकदा तुमचं पुष्कळ लिखाण यंत्राला दाखवलं, की यंत्र तुमचा हात ओळखतं. मग नुसती चाल दिली तरी शब्द सांगतं. शंभरातले नव्वद बरोबर."

हेमांगीला आईनं सांगितलेलं आठवलं. पूर्वी पहाटे शेजारच्या घरातलं जातं ऐकू यायचं. ओवी कानावर पडत नसे, नुसती घरघर. तरीही बायका ओळखायच्या की आज कुठली ओवी चालली आहे. माहेरच्या ओवीला जातं हलकं फिरायचं, आणि दुःखाच्या ओवीला जड.

"तर मॅडम, सांगायचं म्हणजे," सर म्हणाले, "तुमच्या जुन्या वर्गाची चाल अजून आहे. सात वर्षांपूर्वीची. नियमानं सात वर्षांनी नोंद पुसली जाते, तुमची तीस सप्टेंबरला जाणार. तुम्ही त्याआधी उघडली तर शब्द तुमच्या खात्यात ऱ्हातील, न्हाई तर गेलं. मी चाळून बघितलं. बाकीच्या पोरांचं लिखाण कमी, यंत्राला हात ओळखता येत न्हाई. पण एक खातं लागलंय बघा. हजेरी क्रमांक शून्य."

चहाचा कप तिच्या ओठाशी थांबला.

"दोनशे अकरा तास. दर तासाला शेवटची पाच मिनिटं नुसतं लिहितोय आणि पुसतोय. पाठवलंय काय, तर 'सगळं कळलं'. आणि त्याच टॅबवरनं तीन हजार झाडांच्या चिठ्ठ्या टाईप केल्यात, त्यामुळं हात एकदम पक्का ओळखू आला. कोण हो हा शून्य?"

"कोणी नाही," हेमांगी म्हणाली. "तपासणीचं खातं होतं ते."

"तपासणीला दोनशे अकरा तास? लई चिकट तपासणी म्हणायची!" सर हसले आणि दुसरं बिस्कीट बुडवायच्या नादात ते तुटून चहात पडलं, म्हणून बरं झालं. त्यांना तिचा चेहरा दिसला नाही.

*

हजेरी क्रमांक शून्य म्हणजे प्रल्हाद गुरव. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेचा परिचर.

तासाआधी पाटी नीट चालते का, हे बघायला एक जास्तीचं खातं लागायचं. प्रयोगशाळेतला जुना टॅब घेऊन प्रल्हाद ते उघडायचा आणि तसाच शेवटच्या बाकावर बसून राहायचा. कधी कुठला नमुना लागेल, सांगता यायचं नाही, असं त्याचं म्हणणं. बारावीनंतर त्याचं शिक्षण सुटलेलं. पण डोंगरातलं झाड पानाच्या वासावरून सांगणारा. त्यानं गोळा केलेली, दाबून वाळवलेली, कागदावर चिकटवलेली तीन हजार रोपं कपाटांत होती आणि एकेकावर त्यानं टाईप केलेली चिठ्ठी. नाव, जागा, उंची, तारीख. शेवटी "शेरा" अशी एक रिकामी जागा असायची. तिथं तो काहीबाही लिहायचा. "पाऊस थांबल्यावर वास जास्त." "बकऱ्या तोंड लावत नाहीत." हेमांगी कामाच्या निमित्तानं ती कपाटं उघडायची आणि शेरे वाचत उभी राहायची.

ती त्याला "अहो गुरव" म्हणायची, तो तिला "मॅडम". याच्या पलीकडे दोघांमध्ये एक शब्द गेला नाही. ती प्राध्यापिका, तो परिचर, आणि गाव एवढं लहान की एकाच्या अंगणात शिंकलं तर दुसऱ्याच्या अंगणात "शतायुषी हो" म्हणतील. त्यात घरी तिचे वडील अर्धांगानं अंथरुणाला खिळलेले. कुठल्या नात्यानं काय बोलायचं?

सात वर्षांपूर्वी सप्टेंबरातच खिंडीवरची कारवी फुलली होती. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. सगळा डोंगर निळा-जांभळा होतो, मध धरतो, आणि फुलून झालेली झाडं वाळून जातात. वर्गाला घेऊन ती वर गेली होती, प्रल्हाद बरोबर. पोरं फोटो काढण्यात गुंतली आणि तो एका फांदीची चिठ्ठी टाईप करता करता थांबला.

"आई एक ओवी म्हणायची हिच्यावर," तो म्हणाला.

"म्हणा की."

त्यानं म्हटली नाही, नुसती सांगितली, पत्ता सांगावा तशी:

"सात वर्सं मुकी बाई, डोंगरीची कारवी..."

"आणि पुढं?"

तो फांदीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पुढची ओळ ध्यानात न्हाई, मॅडम."

दहा दिवसांनी त्याची नोकरी गेली. संस्थेनं आभासी प्रयोगशाळा घेतली होती. पडद्यावर फूल फिरवायचं, पाकळ्या बोटानं सोडवायच्या, ना कात्री, ना सुई, ना परिचर. वाळलेली तीन हजार रोपं छायाचित्रं काढून झाल्यावर तळघरात गेली. निरोपाला पेढे वाटले. हेमांगीनं सगळ्यांसमोर विचारलं, "गुरव, काही राहिलं का सांगायचं?"

"न्हाई मॅडम," तो म्हणाला. "सगळं झालं."

तो घाटमाथ्यावर गेला, देशी झाडांची रोपवाटिका काढली. चाळीस किलोमीटर. वर्षांमागून वर्षं गेली, तिचे वडीलही गेले, आणि एसटीच्या खिडकीतून तिला त्या रोपवाटिकेची पाटी तीन वेळा दिसली. तिन्ही वेळा तिनं हातातल्या पुस्तकात डोकं घातलं. त्यानं लग्न केलं की नाही, तेही तिला ठाऊक नव्हतं. विचारायचं कुणाला, आणि विचारणारी ही कोण?

आणि आता दोनशे अकरा तासांचं त्याचं मन तिच्या खात्यात एका बोटाच्या अंतरावर होतं. तिनं ठरवलं, उघडायचं. फक्त सुट्टीच्या दिवशी, सावकाश. दिवाळीचा फराळ पहिल्या दिवशी कुणी संपवतं का? त्या आठवड्यात चालता चालता ती गुणगुणायची आणि आपणच दचकून थांबायची.

*

त्याच आठवड्यात तळात तिला वेगळंच काही दिसलं.

"पुढच्या वर्षी मी इथं नसणार, स्थळ आलंय" (पुसलं).

वर्गात उत्तरांना नाव नसायचं. तळात मात्र असायचं, कारण यंत्र हातच ओळखत होतं. कस्तुरी पोवार. दुसरा बाक, कानात लाल खड्याच्या कुड्या, "बी ला कसं कळतं की आता उठायचं" हे चारदा लिहून पुसणारी.

हेमांगीनं विचार केला नाही. तिला बुडणारं पोर दिसलं, तिनं हात घातला. संध्याकाळी कस्तुरीच्या वडिलांना फोन लावून ती समजावून बोलली. मुलगी हुशार आहे, एवढ्यात लग्न करू नका, पदवी होऊ द्या. वडील "व्हय, व्हय" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कस्तुरी आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. ती आठ दिवसांनी आली. हातात फोन नव्हता. तास संपल्यावर ती टेबलाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मैत्रिणीलाबी न्हाई. तुम्हाला कसं कळलं?"

हेमांगीनं खरं ते सांगितलं. तळ काय, चाल काय, सगळं.

कस्तुरी ऐकत राहिली. रडेल असं वाटलं, पण रडली नाही. "लग्न पुढं ढकलायला आत्या पप्पांना हळूहळू वळवत होती," ती म्हणाली. "गणपतीत एकदा, मग महाळात जेवायला येऊन एकदा. तिला म्हाईत हाय पप्पांना कसं घ्यायचं. जमत आलं हुतं मॅडम. मग तुमचा फोन. पप्पा म्हणाले, घरातलं कॉलेजात सांगत सुटलीस? फोन काढून घेतला. आठ दिवस घरात बसवलं. आता आत्याबी म्हणते, थोडं थांब, इस्तू पेटलाय, निवू दे."

"मी चुकले कस्तुरी. मला वाटलं..."

"तुम्ही चांगल्यासाठीच केलं, म्हाईत हाय." तिनं टेबलावरचा खडूचा तुकडा उचलला, परत ठेवला. "पण मॅडम, मी ते पुसलं हुतं."

एवढंच म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवसापर्यंत ही गोष्ट सगळ्या वर्गाला माहीत झाली. शेवटची पाच मिनिटं आली. हेमांगीनं प्रश्न टाकला. बेचाळीस "सगळं कळलं" दोन सेकंदांत उमटले. तिनं तळ उघडला. तळ कोरा होता. कुणाचं बोट अडखळलं नव्हतं, कुणी मागं फिरलं नव्हतं. पोरं आता विचार करायलाही तिथं येत नव्हती. वर्गातून पुसणं गेलं, आणि पुसण्याचा हात धरून लिहिणंही गेलं.

कोऱ्या पडद्यापुढं उभं राहून तिला वाटलं, बीज रुजत नाही म्हणून आपण टरफल नखानं सोललं. आत जीव होता, हे खरं. पण सोलल्यावर तो उरत नाही.

*

अठ्ठावीस सप्टेंबर, दुपारचे तीन. स्टाफरूममध्ये पंखा आणि ती, दोघंच. तिनं जुन्या वर्गाची नोंद उघडली.

हजेरी क्रमांक शून्य. शब्द अजून झाकलेले होते. दिसत होती नुसती चाल: एकेका तासाची एक पट्टी, बोट टेकलं तिथं काळी रेघ, थांबलं तिथं पांढरी जागा. दोनशे अकरा पट्ट्या एकाखाली एक. लांबून बघितलं तर एखाद्या बाईनं शेणानं अंगण सारवलं असावं, बोटांच्या ओळी उमटलेल्या, तसं.

पहिल्या पट्ट्यांत काळं जास्त होतं. जसजसे तास गेले, तसतसं पांढरं वाढत गेलं. शेवटची पट्टी निरोपाच्या आदल्या दिवसाची. चौदा मिनिटं. म्हणजे पोरं उठून गेल्यावरही तो तिथंच बसला होता, आणि ती फळा पुसत होती, पाठमोरी. त्या दिवशी त्यानं "सगळं कळलं"सुद्धा पाठवलं नव्हतं.

खाली दोन चौकोन होते. शब्द दाखवा. आत्ता पुसा.

तिचं बोट पहिल्या चौकोनावर गेलं. का जाऊ नये? पोरीचं वेगळं, हे वेगळं. हे तिच्यासाठीच तर लिहिलं होतं. सात वर्षं ती ज्याची वाट बघत होती ते हेच. कदाचित तिथं तिचं नाव असेल. कदाचित नसेलही, कदाचित पगाराची, साहेबांची कुरकुर असेल, आणि मग या सात वर्षांचं ती काय करणार होती? दोन्हींची तिला सारखीच भीती वाटली, आणि दोन्हींची सारखीच ओढ.

"पण मॅडम, मी ते पुसलं हुतं."

त्यानंही पुसलं होतं. एकदा नव्हे, दोनशे अकरा वेळा. दर वेळी आधी लिहिण्याचं धाडस केलं आणि मग पुसण्याचं. त्यातलं एकच उचलून नेण्याचा हक्क तिला कुणी दिला?

न उघडता नुसतं बंद केलं तरी परवा आपोआप जाणार होतं. पण दोन दिवस स्वतःवर भरवसा ठेवण्याइतकी ती मोठी नव्हती, आणि हे तिला ठाऊक होतं. तिनं पट्ट्यांवरून एकदा नजर फिरवली, कुणाच्या पाठीवरून हात फिरवावा तशी. मग दुसऱ्या चौकोनावर बोट ठेवलं.

पट्ट्या खालून वर एकेक करून गेल्या. सगळ्यात आधी चौदा मिनिटांची गेली.

बऱ्याच वेळानं ठोंबरे सर आत आले. "मॅडम, ते शून्यचं उघडलंत का?"

"पुसलं. आणि माझ्या वर्गाचा तळ बंद करा, सर."

"अहो, पण निकाल किती सुधारला तुमचा! संस्थेनं विचारलं तर काय सांगू?"

"सांगा, मॅडमना पोहता येत नाही. तळाशी जाववत नाही."

सरांनी तिच्याकडे नीट बघितलं. या खेपेला बिस्कीट नव्हतं. त्यांनी लॅपटॉप ढेरीवर टेकवला आणि तळ बंद केला.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या पाच मिनिटांत तिनं वर्गाला सांगितलं, "तळ काढून टाकलाय. विश्वास ठेवा असं म्हणत नाही. तो ठेवायचा की नाही, तुमचं तुम्ही बघा. आज पहिलं उत्तर मी देते." तिनं आपला फोन काढला आणि सगळ्यांसमोर पाटीवर लिहिलं, आपलं नाव घालून:

"कुणाला मदत कधी करायची आणि कधी नुसतं जवळ बसायचं, हे मला एकोणीस वर्षांत कळलं नाही. हेमांगी शिंत्रे."

मग पडद्यावर एक ओळ उमटली. "हार्मोनचं नाव परत सांगा." मग दुसरी. मग बऱ्याच "सगळं कळलं" आल्या, पण त्यांच्यामध्ये तिसरीही आली. आणि दुसऱ्या बाकावरून, फोन नसल्यामुळं, एक हात वर झाला.

"मॅडम," कस्तुरी उभी राहून म्हणाली, "बी ला कसं कळतं, की आता उठायचं?"

मागचे हसले. अगदी थोडे.

"पूर्ण कुणालाच ठाऊक नाही," हेमांगी म्हणाली. "पण एवढं नक्की, बाहेरून कुणी हाक मारून ते उठत नाही. ओल मात्र जवळ असावी लागते."

*

रविवारी सकाळी तिनं घाटाची एसटी धरली. या खेपेला पुस्तक घेतलं नव्हतं.

वरचा उतार निळा-जांभळा झाला होता. सात वर्षं भरली होती. रोपवाटिकेच्या फाटकाला कुलूप नव्हतं. प्रल्हाद मांडी घालून काळ्या पिशव्यांत माती भरत बसला होता. कानांवरचे केस पांढरे झालेले. शेजारी एक चहाचा कप, एकच. हेमांगीनं तो आधी बघितला, मग त्याच्याकडे.

तो उठला. हात मातीचे, म्हणून नमस्कार अर्धवटच झाला. "मॅडम? रोपं न्यायची हायती का कॉलेजला?"

"नाही." ती तिथंच उलट्या टोपलीवर बसली. एसटीत तिनं चाळीस किलोमीटर वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही जागेवर नव्हतं. "गुरव, ती पाटी होती ना आपली. तिच्यात तुम्ही जे लिहून पुसायचात, ते आता वाचता येत होतं."

त्याच्या हातातली पिशवी कलंडली. माती सांडली. त्यानं ती उचलली नाही.

"मी वाचलं नाही," ती घाईनं म्हणाली. "परवा पुसून टाकलं, सगळं. तेच सांगायला आले. तुम्हाला कधी कळलं असतं तर वाटलं असतं, की..."

"न्हाई वाचलं?"

"नाही."

तो खाली बसला. बराच वेळ मातीतले खडे निवडत राहिला. "सुरुवातीला खऱ्याच शंका हुत्या," तो शेवटी म्हणाला. "सुप्तावस्था मला तेव्हाबी कळली नव्हती. पण पोरांम्होरं परिचरानं काय विचारायचं? म्हणून पुसायचो."

ती हसली. हसताना तिचे डोळे भरले, ते तिनं तसेच राहू दिले.

"आणि नंतर?"

प्रल्हादनं उताराकडे बघितलं. कारवीवर माश्यांची गुणगुण चालली होती, दूरच्या घरातल्या जात्यासारखी. शब्द नाहीत, नुसती चाल.

"नंतर एकच ओळ लिहायचो," तो म्हणाला. "तुम्हाला म्हटलं हुतं, ध्यानात न्हाई. ध्यानात हुती."

ती वाट बघत बसली. तो थांबला, ओठ उघडले, मिटले, परत उघडले. त्याच्या त्या थांबण्याची नोंद कुठंच होत नव्हती. मग आईनं म्हटली असेल त्याच सुरात, हळू, पहिल्यांदाच गळ्यातून, त्यानं ओवी पुरी केली:

"सात वर्सं मुकी बाई, डोंगरीची कारवी,
एका बोलापायी कोन रोज अंगान सारवी."

म्हणून झाल्यावर त्यानं हात झटकले आणि आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात दुसरा कप होता.